गेटवरचा बाप

"काका, खरं सांगायचं हं! आजवर किती पक्षी मारले?"

निवेदन करणाऱ्या मॅडमनं माइकवरून विचारलं. स्टेजवर माझा बाप उभा होता. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, त्यावर नुकतीच टाकलेली शाल, एका हातात नारळ. समोर मंडपात नाशिकहून बस भरून आलेली माणसं. टोप्या, गॉगल, गळ्यात कॅमेरे. वर कमान: पक्षी महोत्सव. निसर्ग वाचवू या, लोकसहभागातून.

बा म्हणाला, "नाय मारलं."

"एकही नाही?"

"नाय. मासं धरायचो. पाखरू नाय मारलं कधी."

मॅडम मंडपाकडे वळली. "लाजतायत काका!"

मंडप हसला. टाळ्या पडल्या. बाप खरं बोलला तर त्याला लाजाळू ठरवून टाकलं. मी खाली गाइडांच्या रांगेत उभी होते. हिरवा टी-शर्ट, टोपी, दुर्बीण. सत्काराला वाजवतात तशा टाळ्या वाजवायला मीही हात उचलले होते. ते तसेच राहिले.

"मंडळी, हे आहेत कालचे शिकारी आणि आजचे रक्षक! काका, आता कान पकडा बरं दोन्ही. आणि म्हणा, पुन्हा पक्षी मारणार नाही."

बानं माझ्याकडे बघितलं. हिनं काय सांगितलं होतं आणि हे काय चाललंय, असं ते बघणं. मागून अभयारण्याचे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "म्हण रे. आटप." बानं नारळ खाली ठेवला आणि कान पकडले. शाल एका खांद्यावरून घसरली. पुढच्या रांगेतला एक कॅमेरावाला ओरडला, "काका, जरा वाका! चेहरा उजेडात येऊ द्या!"

बा वाकला. सगळ्यांनी फोटो काढले.

आम्ही भिल्ल. धरणाच्या पाण्याकडेला आमची वस्ती, गावापासून तुटलेली. बाचं आयुष्य त्या पाण्यात गेलं. होडी, जाळं, मासे, बाजार. मग पक्ष्यांसाठी पाणी अभयारण्य झालं आणि जाळं खुंटीला लागलं. बानं भांडण केलं नाही. दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणीला, घड विरळायला जायला लागला. मी बारावी झालेली. पर्यटकांना पक्षी दाखवायला गाइड घेणार असं कळलं, जाऊन विचारलं, घेतलं. घरात त्या दिवशी गोड झालं होतं.

महोत्सवाच्या आधी साहेब म्हणाले होते, "वडिलांना घेऊन ये. सत्कार करायचाय त्यांचा. आणि जाळं आणायला सांग, असेल ते." पहिल्या महोत्सवात साहेबांकडे होडी नव्हती. बानंच आपल्या होडीतून पाहुणे फिरवले होते, फुकट, दिवसभर. आम्हाला वाटलं, त्याची आठवण ठेवली. आईनं तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केली. बानं जाळं झटकून, धुऊन, वाळवून घेतलं. पाहुण्यांसमोर मळकं नको म्हणाला.

ते जाळं त्यांनी गेटवर आडवं टांगलं होतं. उद्‌घाटनाला फीत नव्हती. त्यांना काहीतरी वेगळं पाहिजे होतं. स्टेजवरचा खेळ आटोपल्यावर प्रमुख पाहुण्यांनी ताटातली चकचकीत कात्री उचलली आणि बाचं जाळं मधोमध कापलं. पटकन कापलं गेलं नाही. दोरा पक्का होता. दुसऱ्या एका पाहुण्यानं जाळं ताणून धरलं. सगळे हसत होते. बा बाजूला शाल सावरत उभा होता आणि जाळ्याकडे बघत होता. त्या जाळ्याची गाठन्‌गाठ त्यानं स्वतः मारलेली होती.

मग पाहुणे कापलेल्या जाळ्यावरून चालत पक्षी बघायला गेले.

जेवायच्या वेळी मी साहेबांकडे गेले. पाहुण्यांच्या तंबूत तळलेले मासे होते. साहेबांच्या हातात ताट होतं.

"साहेब, बानं पाखरू कधी मारलं नाय."

"माहीत आहे गं मला."

मी समोरून हलले नाही.

"अगं, नुसता मासेमार स्टेजवर उभा करून काय टाळ्या पडणार? लोकांना बदल दिसला पाहिजे. शिकारी होता, सुधारला. तेव्हा कुठे लोक जोडले जातात." माशातला काटा बोटानं काढत ते पुढे म्हणाले, "आणि तुमच्यात कुणी ना कुणी मारलेच असतील की. रक्तातच असतं ते."

हे ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मी भांडले असते. त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. मी परत जाऊन दुर्बीण पुसत बसले. स्वतःचीच चीड येत होती.

महोत्सव झाल्यावर थोड्याच दिवसांत गेटवर भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर माझा बाप. कान पकडून, वाकून. वर लाल अक्षरं: काल शिकारी, आज रक्षक. खाली लहान अक्षरात: आपणही सहभागी व्हा.

बागेत कामाला जायचा बाचा रस्ता त्याच गेटवरून. बानं रस्ता बदलला. पाटाच्या कडेनं, काट्याकुट्यातून लांबून जायला लागला. किराणा दुकानात पोरं म्हणायची, "काय शिकारी, आज काय मारलं?" बागवाल्याची कोंबडी हरवली, तर त्यानं आधी बाला विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं. शाळेच्या सहली यायच्या. पोरं फ्लेक्सखाली रांगेत उभी राहून कान पकडून फोटो काढायची. मास्तर म्हणायचे, बघा, वाईट कामं केली की असं होतं. मी दुर्बीण घेऊन तिथेच उभी असायची. हा माझा बाप, असं एकदाही तोंडातून निघालं नाही. पगार तिथूनच येत होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याकडेला चांदवे मरून पडले. काळे, बदकाएवढे पक्षी. सकाळीच दोन गार्ड वस्तीवर आले.

"चल रे."

"म्या काय केलं?"

"गेटवर फोटो कुणाचा आहे?"

एवढंच. दुसरा पुरावा लागला नाही. बाला चौकीवर नेलं. मी मागे पळत गेले. मी त्यांच्याच टी-शर्टात होते, तरी मला आत घेतलं नाही. खिडकीतून दिसत होतं. बा फरशीवर बसलेला. एक गार्ड त्याला विचारत होता, जाळं कुठं लपवलंय. बा म्हणाला, "तुमीच कापलं ना साहेब." त्यावर कानाखाली वाजली. आवाज बाहेर आला.

दिवस मावळता सोडलं. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की पक्षी औषध लावलेले दाणे खाऊन मेले. कुणाच्या शेतातले दाणे, कुणाचं औषध, ते कुणी विचारलं नाही. तिथे कुणाचा फोटो लागलेला नव्हता.

घरी येऊन बा ओट्यावर बसला. आईनं पाणी दिलं. ते तसंच हातात धरून म्हणाला, "खरंच मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान खाल्लं तरी असतं."

त्याच्या तोंडून असं कडू मी कधी ऐकलं नव्हतं. माझा बाप गरीब होता, पण कडू नव्हता. त्यांनी त्याला तसं केलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी टोपी घालून परत कामावर गेले.

मग पुढचा महोत्सव आला. साहेबांनी बोलावलं. खुशीत होते.

"वडिलांना आणायचं हं यंदा पण. मागच्या वेळी लोकांना फार आवडलं. तोच कार्यक्रम ठेवू."

मी म्हटलं, "जाळं कापलंय साहेब."

"मग नवीन विणायला सांग ना. कापायलाच तर लागतंय. दोऱ्याचं काय ते देऊ आम्ही."

मी घरी काहीच बोलले नाही. पण गार्डनं बाला वाटेत गाठून निरोप दिलाच. संध्याकाळी कामावरून आले तर बा ओट्यावर बसलेला. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, हातात लाकडी सुई. जाळं विणत होता. वर मान न करता त्याचे हात चालत होते. गाठी तशाच, घट्ट, एकसारख्या. कापायच्या जाळ्यालासुद्धा तो कच्ची गाठ मारत नव्हता.

"बा, कुणासाठी विणतोस?"

"साहेबानं सांगितलं."

"कापायला?"

"कापू दे. परत चौकीत बसायची ताकद नाय पोरी माझ्यात."

त्या क्षणी मला कळलं. ते आमच्याकडून जाळं काढून घेत नव्हते. ते आम्हालाच आमचं जाळं विणायला लावत होते, रोज नवीन, त्यांना कापता यावं म्हणून. माझा टी-शर्टसुद्धा त्यातलाच. मी त्याच्या हातातून सुई काढून घेतली. तो घाबरला. "आगं दे ती. पोट हाय आपल्याला." मी दिली नाही.

महोत्सवाच्या सकाळी ताट तयार होतं, कात्री तयार होती. गेट मोकळं होतं. साहेबांनी विचारलं, "जाळं कुठे आहे? वडील?"

"दोन्ही येणार नाहीत."

मंडपवाल्याकडून घाईघाईनं लाल फीत आणली. ती लगेच कापली गेली. गाइडांच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडे होतं. चार ओळी लिहून दिल्या होत्या. मी माइक घेतला.

"बाहेर गेटवर ज्याचा फोटो आहे, तो माझा बाप. त्यानं एकही पक्षी मारलेला नाही. हे साहेबांना माहीत होतं. माहीत असून त्याला कान धरायला लावले. तुम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर त्याच फोटोवरून त्याला चौकीत नेऊन मारलं. साहेब, खरं काय ते इथेच सांगा."

माइक बंद झाला. मी परत तेच बोलले, बिनमाइकचं. माझा आवाज मोठा आहे, पाण्यावरून हाक मारायची सवय. मागच्या रांगेपर्यंत गेला असणार. एक बाई शेजारणीला म्हणाली, "फ्लेमिंगो किती वाजता बघायचे आहेत?" मॅडमनं माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "भावनेचा भर आहे, समजून घेऊ या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याही वेळी.

मी टोपी आणि दुर्बीण टेबलावर ठेवली. टी-शर्ट दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून परत दिला. त्यांचं काही ठेवून घ्यायचं नव्हतं.

काम गेलं. बा माझ्याशी बोलत नाही. त्याला अजून वाटतं, गार्ड येतील. आले तर येतील, मी दारातच असते. साहेबांनी शिपायाकडून निरोप पाठवला: वाद कशाला वाढवता, तो फ्लेक्स काढून घरी न्या, छपरावर टाका, पावसाळ्यात गळायचं नाही. आमच्या वस्तीत निम्म्या घरांवर त्यांचेच जुने फ्लेक्स आहेत. माझ्या बापाचा अपमान पांघरून मी झोपणार नाही.

मी सांगून पाठवलं, मी काढणार नाही. फाडणार नाही, काळंही फासणार नाही. ज्यांनी लावला त्यांनी काढायचा. दिवसाढवळ्या, त्याच स्टेजवर, त्याच माइकवरून, माझ्या बापाचं नाव घेऊन, आम्ही खोटं बोललो असं म्हणून.

तोवर सुट्टीच्या दर दिवशी मी त्या गेटवर, त्या फ्लेक्सखाली उभी असते. नाशिकहून निघालेली बस वळणावर दिसली की रस्त्याच्या मधोमध येते. ड्रायव्हर हॉर्न मारतात, शिव्या देतात. गार्ड हात धरून बाजूला ओढतो. मी परत येते. खिडकीतली माणसं विचारतात, काय झालं, कोण आहे ही?

मी वर बोट दाखवते आणि सांगते, हा माझा बाप. यानं पक्षी मारला नाही. आता टाळ्या वाजवायच्या तर ऐकून वाजवा.

माझं ऐकल्याशिवाय एकही गाडी आत जाणार नाही.