फाटकासमोरचा वसुदेव

काळ्या-पांढऱ्या पुस्तकावरून मी बरीच वर्षं पोरांना निळा रंग शिकवला. गोंदियाच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि मध्ययुगीन युरोपातली चर्चेस हा धडा दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. पुस्तकात अशा एका चर्चच्या गोल रंगीत खिडकीचा फोटो आहे. छपाई अशी, की ती खिडकी आहे की करपलेला पापड, हे खालची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. तरी त्या पापडाकडे बोट दाखवून, काचेतला हा निळा पाहिला की माणसं आपोआप गुडघे टेकायची, असं मी छातीठोक सांगायचे. मागच्या बाकावरून एवढंच यायचं, "मॅडम, ये परीक्षा में आएगा क्या?" येईल म्हटलं की निळा रंग निमूट वहीत उतरायचा.

तो निळा मला पहिल्यांदा दाखवला माझ्या सासूबाईंनी, तोही मी गोंदियाजवळ कामठ्याच्या घरी असताना, फोनवर.

माझी नणंद जर्मनीत असते. तिच्या बाळंतपणासाठी सासूबाई तिकडे गेल्या. त्याआधी त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास नागपूरचा, तोही एका लग्नाचा आणि त्या लग्नातलं जेवण खारट होतं म्हणून न मोजण्याजोगा. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, लाखोळीची डाळ आणि पोहे इतके भरले, की त्या देशात दुष्काळ पडल्याची बातमी आमच्याकडेच आधी आली असावी. तिथे पोचल्यावर मात्र दिवस जाईना. जावई ऑफिसात, नणंद रात्रभर जागून सकाळी झोपलेली. मग सासूबाई बाळाला ढकलगाडीत घालून फिरायला निघायच्या. तिकडचा पाऊस वेळकाळ न पाहणारा. तो आला की जवळच्या जुन्या, अवाढव्य दगडी चर्चमध्ये त्या आडोशाला शिरायच्या. पुढे पाऊस नसला तरी शिरू लागल्या. बसायला बाक आहे, चपला काढाव्या लागत नाहीत आणि काऊन बसली म्हणून कोणी विचारत नाही, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी ते चर्च पास केलं होतं.

तिथून मला व्हिडिओ कॉल यायचा. फोन वर फिरला आणि खिडकीतला निळा दिसला तेव्हा मी स्वयंपाकघरात फोडणी जाळली. इतकी वर्षं मी त्या रंगाबद्दल जे बोलत होते ते कमीच होतं, हे कळून मला आनंद झाला. सासूबाईंना मात्र खिडकीपेक्षा घरकामाची काळजी. इतक्या उंच छताचे जाळे कोण काढते, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी टोकदार कमानी आणि दगडी फासळ्या समजावू लागले की त्या फोन वळवून बाळ दाखवायच्या. बाहेर छताच्या कडेला विचित्र तोंडांची दगडी जनावरं पावसाचं पाणी ओकत होती. हे पन्हाळे आहेत, म्हटल्यावर त्यांना ते पटलं, कारण आमच्या पन्हाळ्याचं पाणी शेजारच्या अंगणात पडतं आणि त्यावरून भांडण होतं. असं तोंडाचं जनावर बसवलं तर शेजारीण बोलायची नाही, असा त्यांनी हिशेब केला.

मग संतांची ओळख झाली. मध्ययुगात बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून प्रत्येक संताच्या हातात त्याची खूण द्यायचे. एकाच्या हातात लोखंडी जाळी होती. हा वांगे भाजून राहिला का, असं सासूबाईंनी विचारलं. त्या जाळीवर त्याला स्वतःलाच भाजलं होतं, असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की मग त्याच्याच हातात जाळी कायले द्यायची, बिचाऱ्याले रोज आठवत असेल. माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे कधी सुचलं नव्हतं. मलाही नाही.

एके दिवशी त्यांनी खांबावरची एक भलीमोठी मूर्ती दाखवली. धिप्पाड दाढीवाला, हातात सोटा, खांद्यावर छोटं मूल, पायाशी पाणी. "हा पाह्य," त्या म्हणाल्या, "आपला वसुदेव."

मी हसले. हा ख्रिस्तोफर, लोकांना खांद्यावर बसवून नदीपार करणारा, अशी कथा सांगितली. एकदा त्याने एका मुलाला खांद्यावर घेतलं, तर नदी चढू लागली आणि मूल जड होऊ लागलं. कारण तो बाळ येशू होता आणि साऱ्या जगाचं ओझं घेऊन बसला होता. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नदी तीच, पूर तोच, पोरगं तेच, फक्त टोपलं हरवलं, एवढाच त्यांचा निकाल. माझी पदव्युत्तर पदवी त्या निकालापुढे टिकली नाही.

तिथेच थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण शिकवायची खोड. मी म्हटलं, की त्या काळी लोक मानत, सकाळी याचं दर्शन घेतलं तर त्या दिवशी अवचित मरण येत नाही. म्हणून गावोगावच्या चर्चमध्ये दारासमोरच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र काढायचे. आळशी माणसाने आतही जाऊ नये, दारातूनच डोकावून पाहावं आणि कामाला लागावं.

पलीकडे फोन बाळावरून पुन्हा त्या मूर्तीकडे वळला. माझे सासरे एका सकाळी धानाच्या बांधीतलं पाणी पाहून येतो म्हणून निघाले आणि धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, गेले. त्यांचा चहा झाकून ठेवलेला होता. आता माझा नवरा रोज मोटरसायकलने तिरोड्याला वीजकेंद्रात कामाला जातो. त्या रस्त्यावर राखेचे ट्रक धावतात, आणि तो घरी येईपर्यंत सासूबाईंचा एक कान रस्त्याकडे असतो.

"पाह्यलं तं मरत नाही?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी नाही, असं मानायचे," मी म्हटलं.

"त्या दिवसाचं पुरे. रोज पाहाचं."

परत आल्यावर सूटकेस उघडायच्या आधी त्यांनी पेंटर शोधायला सांगितलं. पेंटर केशोरीचा, पण त्याची बहीण कामठ्यात दिलेली, आणि तो तिच्याकडे आला होता. थंडीत नाटकांचे पडदे रंगवायचे, इतर दिवसांत भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती, असा त्याचा धंदा. सासूबाईंनी जागा ठरवून ठेवलेली होती. दारासमोरची भिंत म्हणजे आमच्याकडे फाटकासमोरची भिंत, म्हणजे घराची दर्शनी भिंत, छपरीतली, तुमच्या भाषेत पडवीतली. फाटकातून पाहिलं की थेट दिसेल अशी. मला ते बरोबर वाटलं. मध्ययुगीन युरोपाची आमच्या घरातली अधिकारी व्यक्ती मीच होते, आणि मी मान डोलावली.

पेंटरला मी फोटो दाखवला. त्याने टोपलं मागितलं. टोपल्याशिवाय वसुदेव म्हणजे मुकुटाशिवाय राजा, पब्लिक ओळखणार नाही, असं त्याचं म्हणणं. टोपलं नको यावर सासूबाई अडून बसल्या, कारण मूल तोंड बाहेर काढून जग पाहत असलं पाहिजे. मुलाच्या हातात पृथ्वीचा गोळा आहे, असं मी सांगितलं. पेंटरने तो लाल रंगवला, त्याचा चेंडू झाला. सोट्याला पालवी फुटून त्याचं खजुरीचं झाड होतं, असंही मी कौतुकाने सांगून बसले. त्याने आपल्याला ठाऊक असलेली खजुरी काढली, म्हणजे सिंदी, जिचा रस पिऊन माणसं झिंगतात. मग गावातले काही लोक फाटकाशी उभे राहून हा वसुदेव सिंदी पिऊन नदीत उतरला का, अशी चर्चा करू लागले, तेव्हा सासूबाईंनी ती पालवी खोडायला लावली. नदी मात्र देखणी झाली. जुन्या चित्रांतही त्याच्या पायांशी मासे असतात, हे मी सांगितलं होतं. आमच्या नदीत मरळ होता, झिंगे होते, आणि काठावर एक बगळा, जो पेंटर प्रत्येक पडद्यावर काढतो आणि त्याचे वेगळे काही घेत नाही.

तोवर कुजबुज सुरू झाली होती. शेजारच्या काकूंनी भाजी निवडता निवडता विचारून घेतलं, की काऊन वो, तिकडं जाऊन धरम बदलवला का. सासूबाईंनी पेंटरला हाक मारली आणि मुलाच्या डोक्यात मोरपीस खोवायला सांगितलं. काकू शांत झाल्या. मी डोळे मिटून घेतले. त्या भिंतीवर आता असा कोणी उभा होता ज्याची दाढी जर्मनीची, मिशी झाडीपट्टीच्या नाटकातल्या सेनापतीची आणि मूल गोकुळाचं. परीक्षेत मी त्याला एक मार्क दिला नसता. पण खरं सांगते, तो मला फार आवडला.

दिवाळी झाली आणि पेंटर नाटकांच्या हंगामाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर निघाला. चहा प्याला, उंबरा ओलांडला, छपरीच्या पायऱ्या उतरला, मोटरसायकलला किल्ली लावली. सासूबाई विजयी मुद्रेने दारात उभ्या. पाह्यलं का, त्यांनी विचारलं. "कायले?" तो समोर बघतच म्हणाला. आणि आम्हां तिघांच्याही एकदमच लक्षात आलं, की चित्र त्याच्या पाठीशी आहे.

चर्चमध्ये माणूस बाहेरून आत डोकावतो. आमचा माणूस आतून बाहेर जातो. फाटकासमोरचं चित्र रस्त्यावरच्या माणसाला दिसतं, घरातून निघणाऱ्याला नाही. धान कापायला चाललेल्या बाया फाटकाशी थबकून हात जोडत होत्या. दूधवाल्याने दर्शन घेतलं. ज्या काकूंनी धर्माची चौकशी केली होती त्यांनीही घेतलं. सगळं कामठा त्या दिवसापुरतं सुरक्षित झालं, एक माझा नवरा सोडून.

वळून पाहा, असं मी म्हणाले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेगळ्याच धर्माची आहे. उंबरा ओलांडला की मागे वळून पाहायचं नाही, मागून हाक मारायची नाही, हे त्या घरात जन्मापासून पाजलेलं, आणि पाजणाऱ्या सासूबाईच. सकाळी अंगणात दात घासताना दिसतो, ते चालेल का, असं नवऱ्याने विचारलं. ते पाहणं नाही, ते दिसणं, असा निर्णय मिळाला. निघतानाच पाहिलं पाहिजे. मग उलट्या पावलांनी निघ, असं सासूबाईंनी सुचवलं. बिचारा एक दिवस निघालाही. मागे सरकत सरकत तो पाण्याच्या बादलीत बसला, आणि रस्त्यावरच्या बायांना दर्शनाबरोबर करमणूकही झाली.

त्यानंतर तो चिडला. मी काही नाटकातला गडी नाही, असं म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाकडे न पाहता गाडी काढून गेला.  सासूबाई छपरीच्या पायरीवर बसल्या आणि दिवसभर उठल्या नाहीत. मी ताट नेलं, ते तसंच परत आणलं. मला त्यांचा राग आला, एवढा हट्ट कशाला म्हणून. पण त्या हट्ट करतच नव्हत्या. त्या एक झाकलेला चहा आठवत बसल्या होत्या. संध्याकाळी गाडीचा आवाज आला तेव्हा त्या उठल्या, हातपाय धू म्हणाल्या आणि आत गेल्या. नवऱ्याने माझ्या हातातलं न शिवलेलं ताट पाहिलं आणि हेल्मेट न काढताच पायरीवर, आईच्या जागी, बसला.

दुसऱ्या सकाळी त्याने गाडी अंगणाच्या मधोमध, फाटकाकडे तोंड करून लावली. बसला, हेल्मेट घातलं आणि उजवा आरसा दोन बोटांनी हलवत राहिला. मागे वळायचं नव्हतं आणि मागचं पाहायचं होतं. आरशाला हे दोन्ही जमतं.

"दिसला," तो म्हणाला.

"पुरा?" पायरीवरून सासूबाई.

"डोक्यापासून पायापर्यंत. मासे बी दिसून राहिले."

त्या दिवशी सासूबाई दोन वेळा जेवल्या आणि काकूंकडे जाऊन आरशाचं कौतुक सांगून आल्या. तेव्हापासून रोज हाच विधी. तो आरसा हलवतो, दिसला म्हणतो, त्या हात वर करतात, गाडी फाटकाबाहेर पडते. मध्ययुगातल्या एकाही पंडिताने ही सोय लिहून ठेवलेली नाही, हे मी पोरांना वर्गात आवर्जून सांगते. ते विचारतात, परीक्षेत येईल का.

मागच्या आठवड्यात माझी स्कूटी दुरुस्तीला होती, म्हणून त्याच्यामागे बसून गोंदियापर्यंत निघाले. त्याने नेहमीप्रमाणे आरसा हलवला. मी त्याच्या खांद्याशी गाल टेकवून आरशात डोकावले, मलाही दर्शन हवं होतं. आरशात वसुदेव नव्हता. सासूबाई दारातून पुढे येऊन पायरीवर, नेमक्या चित्रासमोर उभ्या होत्या, पदर सावरत, आमच्याकडे डोळे लावून. त्यांच्या डोक्यावर मोरपिसाचं टोक तेवढं दिसत होतं.

"दिसला," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी हात वर केला आणि आम्ही निघालो.

गोंदियाजवळ रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जायची होती. मी विचारलं, "तुम्हाला तो खरंच दिसतो?"

"पहिल्या दिवसापासून नाही दिसला. माय आड येते."

मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना, एक पाऊल बाजूला झाल्या की झालं.  मालगाडी संपली, फाटक वर गेलं, मागचे हॉर्न वाजवू लागले. गाडी सुरू करताना त्याने मान थोडी माझ्याकडे केली.

"तिले बाजूले सराले सांगू नोको," तो म्हणाला.