मागची गॅलरी

आमच्या भाऊकीत अजूनही कुणाच्या घराचा स्लॅब भरायचा असला की मला बोलावणं येत नाही. "ती आली की काम अडवते," म्हणतात. म्हणू देत! अडवलं होतं मी, आणि वेळ आली तर पुन्हा अडवीन. त्याची मला लाज नाही. लाज आहे ती त्या दिवशी जे अडवायचं राहिलं त्याची.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माणिकपूरच्या बाजूला बागायती वाड्या मोडून बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या. काकांनीही केळीच्या वाडीचा एक तुकडा साफ केला आणि पक्कं घर काढलं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. "पोरीला सिव्हिलचा डिप्लोमा कसला शिकवतोस, विटा वाहायच्यात का तिला?" म्हणून भाऊकीने त्यांचं डोकं खाल्लं, तरी त्यांनी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी उपकार विसरले असं कुणी म्हणायला नको. तेव्हा मी काकांकडूनच रोज मुंबईला जाऊन एका ऑफिसात नकाशे काढायची आणि रविवारी काकांच्या कामावर नजर टाकायची. ज्या इंजिनीअरने घराचा नकाशा केला, तो साइटवर एकदाही फिरकला नाही. शिक्का मात्र झोकात मारला होता.

घराला दोन गॅलऱ्या होत्या. पुढची रस्त्यावर, चांगली पाच फूट बाहेर, वराती बघायला. मागची लहान, बावखलाच्या अंगाला. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमची केळी, पानवेली सगळी त्याच्याच पाण्यावर.

आमच्याकडे पूर्वी कौलारू घराचं आढं चढवताना सगळी भाऊकी जमायची, आढ्याला कुंकू लावायची, नारळ फोडायची. आढी गेली, स्लॅब आले, पण रीत काही सुटली नाही. आता सगळे जण शिडीने वर चढून बांधलेल्या सळयांवरच पूजा करू लागले. त्या रविवारीही तेच झालं. वीसेक पुरुष पुढच्या गॅलरीच्या सळयांवर उभे राहिले, कारण ती बाजू पूर्वेची. बायका काकूबरोबर मागच्या गॅलरीवर गेल्या, वरूनच बावखलाची ओटी भरायला. मीही गेले. नव्या साडीचा काठ सळईत अडकेल म्हणून निऱ्या सावरत होते, तेवढंच मला आठवतं.

नारळ फुटला, माणसं खाली उतरली, मिक्सर गरगरायला लागला. मी पुढे आले आणि पाहते तर काय, गॅलरीच्या सळया पार खाली, सेंट्रिंगच्या फळ्यांना टेकलेल्या! वर उचलून धरायला लोखंडाचे वाकवलेले तुकडे असतात, त्यांना खुर्च्या म्हणतात. त्या सगळ्या माणसांच्या वजनाने आडव्या झालेल्या.

"मिक्सर बंद करा," मी म्हणाले.

कंत्राटदार हसला. मनवेलपाड्यात त्याची आणखी दोन कामं चालू होती, त्यामुळे त्याला सदा घोड्यावर बसल्यासारखी घाई. "ताई, नारळ फुटला. आता काय थांबतं?"

"नारळ फुटला म्हणून लोखंड वर येणार आहे का?"

"आजवर एवढे स्लॅब भरले, एक पडला नाही."

"पडेपर्यंत कुठलाच पडलेला नसतो!"

तो ऐकेना. घमेल्यांची रांग चालू झाली. माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन गॅलरीच्या सळयांवर फतकल मारली. "ओता माझ्या अंगावर!"

रांगेत पहिल्या नंबरला एक बाई होती, नायगावकडच्या खाडीकाठच्या गावातली, माझ्याहून थोडी मोठी. ती घमेलं डोक्यावर घेऊनच म्हणाली, "बाय, आदीच दाबलंय म्हनतेस, आन वर बसून आनखी दाबतेस? उठ तितून!"

सगळे खो खो हसले. मीही चरफडत उठले आणि घमेली वर येतात त्या फळीच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. मग त्या बाईने विचारलं, "पन झालं काय ते तरी सांग."

"हात पुढे कर. सरळ. आता या पंजावर घमेलं ठेवलं तर ओढ कुठे बसेल?"

तिने हात पुढे धरून बघितला. "वरच्या अंगाला. खांद्यापाशी."

"गॅलरीचंही तसंच. लोखंड वर पाहिजे. ते आता तळाला गेलंय. टेकू काढले की गॅलरी खाली."

"आन टेकू काडतं कोन?" ती म्हणाली. "आमीच ना!" तिने घमेलं खाली ठेवलं. मागच्या बाईने ठेवलं, तिच्या मागच्या गड्याने ठेवलं. रांग थांबली.

काका शिडी चढून वर आले. चेहरा लालबुंद. "शुभकार्याला आडवी येतेस? याचसाठी शिकवलं तुला?"

"याचसाठीच शिकवलंत."

काकांनी कंत्राटदाराला हातानेच खूण केली, थांब म्हणून. तासभर गेला, पण एकेक सळई उचलून, खाली नव्या खुर्च्या बांधून घेतल्या आणि मगच पुढची गॅलरी भरली. मी तिथून हलले नाही. माझी छाती नुसती फुगली होती. चार बुकं शिकलेल्या पोरीने अख्ख्या भाऊकीला आणि कंत्राटदाराला वाकवलं होतं! दुपारी पंगतीत मी मान ताठ करून जेवले. तोवर मागची गॅलरीही भरून झाली होती. तिच्या सळयांवर आम्ही बायका उभ्या राहिलो होतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पुरुष उभे राहिले तर लोखंड दबतं आणि बायका उभ्या राहिल्या तर दबत नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

तीन आठवड्यांनी एका रविवारी पुढच्या गॅलरीचे टेकू मी स्वतः उभी राहून काढून घेतले. बाहेरच्या टोकापासून सुरुवात, दोरी लावून, लांबून ओढत, खाली कुणी नाही. कंत्राटदार कुजकट हसत होता. हसू दे मेल्याला. गॅलरी केसभर हलली नाही. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीचं डोकं आहे हो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागचे टेकू दुसऱ्या दिवशी काढू, असं ठरलं. मी सोमवारी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत आले तर दारात गर्दी. मागची गॅलरी अख्खी खाली आली होती. गडी मनवेलपाड्याच्या कामावर नेले होते, म्हणून कंत्राटदाराने त्या नायगावच्या बाईला हातोडा देऊन टेकू पाडायला खाली पाठवलं होतं. दोरी नाही, टोकापासून सुरुवात नाही, काही नाही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता.

मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात गेले. पाय काढावा लागला होता. तिचा नवरा भिंतीशी बसून होता. मला वाटलं ती शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. ती म्हणाली, "मना त्या दिवशीचं समदं ध्यानात होतं, बाय. पन म्हनलं, पुडची एवडी भांडून बगितली, तर मागची पन बगितलीच असेल हिनं. म्हनून मी बिनघोर गेले खाली."

मी तिच्या उशाशी बसून राहिले. तिनेच शेवटी पाणी मागितलं, ते दिलं.

घरी आले तर ओटीवर हवालदार चहा पीत बसलेला, शेजारी कंत्राटदार आणि काका. कागद तयार होता. मजूर बाईने कुणालाही न विचारता, स्वतःच्या हलगर्जीपणाने टेकू काढले, असं त्यात लिहिलेलं. खाली साक्षीदाराची जागा मोकळी.

"तू शिकलेली. तुझी सही असली की मिटलं," कंत्राटदार म्हणाला.

"काय मिटलं? तिचा पाय?"

"आता झालं ते झालं. तिच्या दवाखान्याचं आम्ही बघू."

"आणि हलगर्जीपणा तिचाच ठेवू? ज्या बाईने घमेलं खाली ठेवून तुमची एक गॅलरी वाचवली, तिचा? जिभेला काही हाड?"

काका हळू आवाजात म्हणाले, "पोरी, घर माझ्या नावावर आहे. या वयात मला पोलीस चौकी दाखवतेस? सही कर."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ज्यांच्या हाताला धरून मी शाळेत गेले, ते माझ्याकडे खोटी सही मागत होते. मी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागले. कंत्राटदाराने बाईला एकटीला गॅलरीखाली पाठवलं. मालकाने सळयांवर पूजा करू दिली. स्लॅबच्या दिवशी मी स्वतः मागच्या सळयांवर उभी होते, शिकलेली असून तिकडचं लोखंड तपासलं नाही. बाईची चूक नाही. खाली माझं पूर्ण नाव, डिप्लोमासकट.

काकांनी वाचलं. "यातून तुझं नाव तरी काढ," ते म्हणाले. "तुला कुणी काही विचारलेलं नाही."

"तिने विचारलं होतं, काका. टेकू कोण काढतं म्हणून."

माझ्या नावाखाली सही करा म्हणून मी पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, बराच वेळ हातात धरलं आणि खाली ठेवून दिलं. मग उठून, चपला न घालता, वाडीकडे निघून गेले. मी कागद हवालदाराच्या हातात दिला आणि तो त्याने खिशात घालेपर्यंत तिथेच उभी राहिले.