ठोकून दिलेला चौथा महिना

ओळंबेमामांना ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सवय नव्हती. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला ती परवडतही नाही. मुकादमानं काही विचारलं आणि गवंडी डोकं खाजवायला लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून मामा कुठल्याही प्रश्नाला तिथल्या तिथं उत्तर देत. बांधकामाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर असे. बाकीच्या बाबतीत ते नुसतंच ठाम असे.

मामांचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. त्यांच्या खिशात कायम पितळी ओळंबा असे, दोरीला बांधलेलं ते टोकदार वजन. भिंतीशेजारी सोडलं की भिंत सरळ आहे की कललीय, ते लपत नाही. काम सुटलं तरी ओळंबा खिशातून सुटला नाही. दवाखान्यात नंबर येईपर्यंत मामा समोरच्या खिडकीची चौकट मापत बसत आणि मनातल्या मनात ती बांधणाऱ्याचा उद्धार करत.

त्यांची आणखी एक ख्याती होती. स्लॅब टाकला की खालचे टेकू ते कुणाच्या घाईनं काढू देत नसत. ठेकेदार यायचा, बोटं मोजायचा, दिवस भरले म्हणून ओरडायचा. मामा म्हणायचे, “दिवस तुमचे भरले, साहेब. स्लॅबचे भरलेत का ते त्याला विचारतो.” मग वर चढून हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचे. थंडीच्या दिवसांत तर चार-आठ दिवस जास्तच लावायचे. लोक शिव्या द्यायचे, पण मामांच्या हाताखालचा एकही स्लॅब कधी खाली आला नाही.

असा हा माणूस घरात मात्र घाई करून बसला.

मामी जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी बसवर कंडक्टर, जावई लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवणारा, दहा-बारा दिवसांनी दारात दिसणारा. दोन खोल्यांचं घर, त्यात साडेतीन महिन्यांची नात. मामा तिला विटुकली म्हणत. वीट उचलायची सवय असलेल्या हातांना ती पहिल्या दिवशी विटेपेक्षा हलकी लागली होती. मुलीची रजा पाचव्या महिन्यात संपणार होती. त्यानंतर दिवसभर विटुकली मामांच्या ताब्यात.

एका दुपारी दुपट्यांच्या घड्या घालता घालता मुलीनं विचारलं, “बाबा, मी कितव्या महिन्यात खायला लागले होते?”

मामा ओळंबा घासत होते. मान वर न करता म्हणाले, “चौथ्या.”

“नक्की?”

“चौथा लागला आणि तू वाटी चाटूनपुसून साफ केलीस. तुझी आई बघतच राहिली.”

यातला शब्द न् शब्द मामांनी त्या क्षणी बनवला होता. भिंतीत भोक दिसलं की हात आपोआप थापीकडे जातो, तसंच हे झालं. मुलीनं मात्र त्याच संध्याकाळी छोटी वाटी आणि मऊ टोकाचा चमचा विकत आणला. रजा संपायच्या आत पोर खायला लागली की तिच्या जिवाचा घोर मिटणार होता.

लस टोचायला गेल्यावर तिनं सिस्टरना तसं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, “इतक्यात नको. सहा महिने होत आले की बघू, तोवर दूधच. आणि नुसते महिने मोजू नका. मान धरते का, थोडक्या आधारानं बसते का, तोंडात दिलेलं जिभेनं बाहेर ढकलत नाही ना, आपण खाताना बघून तोंड उघडते का, हे बघा.”

“पण मी चौथ्या महिन्यातच खात होते,” मुलगी म्हणाली. “मला काही झालं नाही. हे काय, बाबा बसलेत इथं. ते उगाच काही बोलत नाहीत.”

सिस्टरनी मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं.

“तेव्हाचं तेव्हा,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “हिचं पोट अजून कोवळं आहे. माझं ऐका.”

परतताना मुलीचा निर्णय पक्का झाला होता. “सिस्टर पुस्तकातलं सांगतात. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी सुरू करू.”

त्या रात्री मामांना जेवण गेलं नाही. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मुलगी झाली त्या वर्षी ते दोन दिवसांच्या प्रवासावर एका पुलाच्या कामावर होते. पूल मोठा होता, मुकादम चांगला होता, घरी जायचं पुढं पुढं ढकललं गेलं. आले तेव्हा पोरगी पावाचा तुकडा स्वतःच्या हातानं चघळत बसली होती आणि हा दाढीवाला कोण म्हणून तिनं भोकाड पसरलं होतं. ती कधी खायला लागली, पहिल्यांदा काय खाल्लं, हे त्यांनी बायकोला कधी विचारलं नाही. आता विचारायला बायको नव्हती. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती, कारण आपल्या थापेवर रविवारी नातीच्या तोंडात चमचा जाणार होता.

रविवारी सकाळी मुलीनं भोपळ्याची फोड वाफवून कुस्करली, वाटीत काढली आणि विटुकलीला मांडीवर घेतलं. मामा दारात येऊन उभे राहिले.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“काय माहीत नाही?”

“तू कधी खायला लागलीस ते. मी नव्हतो तेव्हा. पुलावर होतो.”

मुलीनं चमचा वाटीत ठेवला. “मग चौथा महिना कुठून आणलात?”

“ठोकून दिला.”

“मी तुमच्या जिवावर सिस्टरशी वाद घातला, बाबा.”

“हो.”

विटुकली मान डुगडुगवत आईच्या गळ्यातल्या साखळीशी झटापट करत होती. मामा म्हणाले, “टेकू आधी काढला की स्लॅब बसतो, हे मी दुनियेला सांगत फिरलो. सिस्टर तेच सांगत होती. मला ते तिथंच बोलायला हवं होतं.”

“मग बोलायचं होतं ना, ओळंबेमामा,” मुलगी म्हणाली. फार राग आला की ती त्यांना अशी परक्यासारखी हाक मारी. मग तिनं वाटी त्यांच्या हातात दिली. “हे आता तुम्हीच खा.”

मामांनी तो बिनमिठाचा भोपळा निमूटपणे संपवला.

रजा संपली, ड्यूटी सुरू झाली. मुलगी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून जाई आणि मामा ते कोमट करून वाटीचमच्यानं पाजत. पहिले तीन दिवस विटुकलीनं घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी तिनं आजोबांशी तडजोड केली. सहा महिने भरले त्या दिवशी सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे चमच्याच्या टोकावर जरासं देऊन पाहिलं. विटुकली एका अंगाला कलली आणि जिभेनं सगळं हनुवटीवर आणलं.

“अजून ओलं आहे,” मामा म्हणाले. मुलगी बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बोलण्यावर हसली. सिस्टरना फोन केला तर त्या म्हणाल्या, चार-आठ दिवस थांबा आणि पुन्हा बघा, फार लांबवू मात्र नका.

नऊ दिवस गेले. मुलगी कामावर होती. मामा जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि विटुकली त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. खेळ म्हणून त्यांनी ओळंबा काढून तिच्या शेजारी सोडला. दोरी थरथरली, थांबली. नातीची पाठ दोरीला समांतर होती. मामांनी गुडघे हळूच बाजूला घेतले तरी ती तशीच राहिली. मग तिनं हात पुढं केला, पितळी वजन पकडलं आणि थेट तोंडाकडे नेलं. मामांनी ते काढून घेतलं आणि स्वतःच्या बशीतला पाव उचलला, तर पावाच्या मागोमाग तिची नजर गेली आणि तोंड उघडलं.

ओट्यावर भोपळा होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. आयुष्यात एकदा हुकलेली गोष्ट समोर आ करून बसली होती, आणि मामांना ती फार हवी होती. त्यांनी पाव खाली ठेवला आणि फोन उचलला.

“जावईबापू, कुठं आहात?”

“माल उतरवतोय, मामा. घरी सगळं ठीक?”

“ठीक. तुम्ही कधी येताय?”

“आणखी एक फेरी मिळतेय. आठ दिवस लागतील.”

“ती फेरी दुसऱ्याला द्या आणि परवापर्यंत या. विटुकली खायला तयार झालीय.”

जावई हसला. “मामा, एका घासासाठी? व्हिडिओ पाठवा की.”

“मी पण असंच म्हणालो असतो,” मामा म्हणाले. “मग तीस वर्षांनी पोरीनं विचारलं आणि मला तिच्याशी खोटं बोलावं लागलं.”

पलीकडे त्यानं ‘ती फेरी दुसऱ्याला दे’ असं कुणाला तरी ओरडून सांगितलं. “येतो,” जावई म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विटुकली आईच्या मांडीवर ताठ बसली. एवढा थोरला ट्रक घाटातून उतरवणाऱ्या जावयानं तो इवलासा चमचा दोन्ही हातांनी धरला होता. पहिला घास अर्धा आत गेला, अर्धा गालावर. विटुकलीनं कडू औषध दिल्यासारखं तोंड केलं, विचार केला आणि पुन्हा आ केला.

“बाबा, तिकडं दारात काय उभे?” मुलगी म्हणाली. “इकडं या, तिथून दिसत नाही.”

“दिसतंय,” मामा म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

वाटी धुऊन झाल्यावर मुलीचं लक्ष गेलं. मामा कानामागची पेन्सिल काढून दाराच्या चौकटीवर काहीतरी लिहीत होते. तिनं जवळ जाऊन वाचलं. तारीख होती, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं होती. मग भोपळा, दीड चमचा, आणि त्यापुढं: आई, वडील, आजोबा हजर.

त्याच्या वर, आधी लिहिलेली आणखी एक ओळ होती. हिची आई: कधी ते मला माहीत नाही. मी घरी नव्हतो.