शेवटची दवंडी

वडनेरजवळच्या एका गावात डोमाजी कोतवाल डफडं वाजवून दवंडी द्यायचा. ग्रामसभेला साऱ्या गावाला बोलवायचा आणि स्वतः दाराशी उकिडवा बसायचा. बोलायचं बाकीच्यांनी. सगळ्यांचे हात वर झाले की त्याचाही व्हायचा. चर्चेत त्याचा वाटा तेवढाच.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात सरपंच हेमराज सभेत म्हणाले, "पंचायतीवर भोंगा लावू. एका जागून साऱ्या गावाले ऐकू जाते. दवंडी बंद करू." नेहमीसारखे हात वर झाले. डोमाजीचाही झाला. हात खाली आल्यावर त्याला कळलं, आपण कशाला हो म्हटलं ते.

"डोमाजी, उद्या गावाले सांगून देजो," सरपंच म्हणाले. "भोंगा दुपारनंतर येते."

घरी बायकोनं, भागीरथानं, विचारलं, "काऊन जी, काय ठरलं सभेत?"

"उद्या ऐकजो," म्हणून तो जेवायला बसला.

सकाळी त्यानं जाळावर डफडं शेकलं आणि निघाला. "ऐका हो ऐका! आजपासून दवंडी बंद!" आवाज रोजच्यासारखाच खणखणीत लागला. स्वतःच्या दारासमोरही तो तसाच ओरडला. भागीरथा हातातलं काम टाकून बाहेर आली. तो थांबला नाही. पुढची गल्ली बाकी होती.