नाही म्हणणारी थैली

शालिकराम बोरकुटेला देवाने धडधाकट शरीर दिलं, वीज मंडळात कायमची नोकरी दिली, शामलासारखी बायको दिली. फक्त ‘नाही’ हा एक शब्द द्यायचा तेवढा राहून गेला. ऑफिसात कोणी स्वतःची फाईल त्याच्या टेबलावर सरकवली की हा म्हणणार, “हो जी.” लकडगंजातल्या त्याच्या गल्लीत शेजारच्या इंदूबाईंचं दळण आणायचं असो की कोणाच्या पाहुण्याला स्टेशनवर पोचवायचं असो, उत्तर तेच. भीड ही भिकेची बहीण, असं त्याची आई जन्मभर सांगत आली. तिलाही तो ‘हो जी’च म्हणायचा.

पण महिन्यातले दोन दिवस त्याचे स्वतःचे होते. दुसऱ्या शनिवारची सुट्टी आली की ऑफिसातला चंद्रभान, भैय्याजी, आणखी दोघं आणि तो असे पाच जण सकाळच्या एस.टी.ने काटोलच्या रस्त्याला लागायचे. कळमेश्वर मागे टाकून एका फाट्यावर उतरायचं, संत्र्याच्या बागांमधून तलावापर्यंत चालत जायचं, तिथंच रांधायचं, उघड्यावर झोपायचं आणि रविवारी संध्याकाळी घरी. त्या तलावाकाठी शालिकरामला कोणी काही मागत नसे. त्या दोन दिवसांवर तो बाकीचा महिना काढायचा.

मागत नसे, हे अर्धंच खरं. पहिल्या सहलीला तो सव्विशीतला गडी होता. भात शिजवायचा पितळी गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, चंद्रभानला जड जातोय हे पाहून त्याने आपणहून “द्या इकडे” म्हटलं होतं. त्या दिवसापासून गंज त्याच्या नावावर चढला. मग गंजाच्या सोबतीला स्टोव्ह आला, स्टोव्हमागून तांदूळ, आणि भैय्याजीची सतरंजी तर सांगून-विचारून आलीच नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पुष्कळ असतात. आमचा शालिकराम त्या भाजत होता आणि वाहतही होता.

आता चाळिशी उलटली होती. दिवाळीपासून उजवा खांदा धरला होता; केस विंचरायला हात वर करायचा तर डोळ्यांत पाणी यायचं. मागच्या खेपेला परतताना चढावर त्याला अंधारी आली. बुटाची नाडी बांधतोय असं दाखवून तो एका बाभळीला टेकून उभा राहिला, आणि तिथंच त्याच्या मनाने घेतलं की आता सहली पुरे. ‘मला झेपत नाही’ म्हणण्यापेक्षा बायकोच्या तब्येतीची सबब सांगणं त्याला सोपं वाटत होतं. पण त्या विचाराने त्याच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही.

अशात त्याच्या जुन्या झोळ्याचा पट्टा तुटला आणि त्याला एकदम युक्ती सुचली. नवी थैली घ्यायची ती लहानात लहान घ्यायची. आपले कपडे गेले की तिचं तोंड बंद. म्हणजे जे आपल्याला म्हणता येत नाही, ते थैलीच म्हणेल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो सीताबर्डीला गेला. तिथं मिलिटरीचा जुना माल विकणारं एक दुकान होतं, आणि पाठीवरच्या थैल्या त्यात छताला टांगलेल्या असत. दुकानदार त्यांना पिट्टू म्हणे.

शालिकरामने सर्वांत लहान पिट्टूकडे बोट दाखवलं. दुकानदाराने सर्वांत मोठा खाली उतरवला. लहान तर पोरांच्या शाळेसाठी आहे साहेब, तुमच्यासारख्या धिप्पाड माणसाला हा शोभेल, असं हिंदीत सांगत त्याने तो त्याच्या पाठीवर चढवलासुद्धा. पट्टे आवळले, खिसे उघडून दाखवले, यात पूर्ण घर मावतं म्हणाला. शालिकरामला नेमकी त्याचीच भीती होती. पण माणसाने एवढे कष्ट घेतल्यावर त्याला नाराज कसं करायचं? तो “हो जी” म्हणाला आणि ते घर पाठीवर घेऊन घरी आला.

“अजी, हे थैली होय का बिऱ्हाड?” शामलाने विचारलं.

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. रोज रात्री ती त्या खांद्याला तेल चोळत होती आणि दुखणं टेबलावर वाकून लिहिण्याचं समजत होती. ती आधी चिडली, चांगली चिडली, आणि मग तिचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्यालाही सांगू नये, याचं तिला फार वाईट वाटलं. थैली परत करून या, असं ती म्हणाली. त्याचं तोंड पाहून तिचं तिलाच कळलं की ते काही व्हायचं नाही. तेव्हा तिने दाभण आणि सुतळी काढली, थैलीचा खालचा अर्धा भाग आत दुमडला आणि आडवी जाड शिवण घातली. आता एक चादर, एक कपड्यांचा जोड आणि भाकरीचा डबा, बस. त्या रात्री शालिकराम घोरत झोपला.

शनिवारी सकाळी बसस्टँडवर चंद्रभान गंज घेऊन हजर. त्याने गंज थैलीत घालायचा प्रयत्न केला, उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. मावत नाही गा, असं शालिकराम पडेल चेहऱ्याने म्हणाला. आतून त्याला गुदगुल्या होत होत्या. भैय्याजी पुढे आला. ही काय मोठी गोष्ट, म्हणत त्याने खिशातून दोरी काढली, गंज थैलीच्या बाहेरून बांधला, गंजात स्टोव्ह ठेवला आणि वर गाठ मारली. थैली बिचारी काय करणार? तिने तोंड मिटून घेतलं, धन्यासारखंच.

फाट्यावर सगळे उतरले. शालिकरामने थैली उचलायला हात घातला आणि खांद्यातून अशी कळ गेली की तो खालीच बसला. बाकीचे चार पावलं पुढे गेले होते. आता दोनच गोष्टी होत्या. हे ओझं उचलायचं आणि ही शेवटची सहल म्हणायची, नाहीतर बोलायचं.

“चंद्रभान,” तो म्हणाला, “मी गंज नाही नेत.”

चंद्रभान वळला. “काहून गा?”

“खांदा दुखते. दिवाळीपासून. मले आता झेपत नाही.”

एवढं बोलून त्याने मान खाली घातली. आता आभाळ कोसळणार, अशी त्याची खात्री होती. चंद्रभान आला, त्याने दोरी सोडली. स्टोव्ह भैय्याजीने काखेत मारला.

“बोलला काहून नाही मग?” चंद्रभान गंज खांद्यावर घेत म्हणाला. “घरी याच्याहून लहान गंज आहे. हा बोजा मी तुझ्याचसाठी आणतो. तुले नाही दिला तं तुले वाईट वाटन, म्हणून.”

शालिकराम त्याच्याकडे पाहतच राहिला. मग तो हसायला लागला, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना. लोकांचा जीव भांड्यात पडतो. याचा जीव भांडं दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्यावर खाली पडला. पाठीवरच्या थैलीत चादर आणि भाकरी होती, आणि मनात तेवढंही नव्हतं. इतकी वर्षं ओझ्याखाली वाकलेली मान सरळ करून तो बागांमधून निघाला. थोडं पुढे गेल्यावर तो थांबला आणि उजवीकडच्या टेकडीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “हे देऊळ कधी बांधलं गा?”

चंद्रभानने टेकडीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

“आपण येऊन राहिलो, त्याच्याही पहिलेपासून आहे,” तो म्हणाला.