लग्नाच्या लॉनचा युरिया

आमच्या घरच्यायचं नाव भोजराज. घ्या, घेतलं नाव, आता काय लाजाचं! अर्धा जन्म रामपायलीले धानाच्या बांधीत गेला, आता बालाघाटात तलावाकाठच्या लग्नाच्या लॉनवर माळी आहेत. त्याच तलावात मी शिंगाडे लावते. आमचं घर त्याच शिंगाड्यावर चालते.

यंदा लॉनचे शेठ म्हणे, दिवाळीनंतरच्या लग्नायले गवत हिरवंगार पाह्यजे. झालं. आमच्या बुवानं धानाले देतात तसंच केलं. पाणी सोडलं, अन् मुठी भरभरून युरिया फेकला, पार काठापर्यंत. अवो, बांधीले धुरा असते, मातीचा बांध, तो पाणी अडवते. लॉनले कुठचा धुरा? आभाळ भरून आलतं, तेही पाह्यलं नाही. संध्याकाळी धो-धो पाऊस, अन् सारं खत तलावात.

मग पाण्यावर हिरवी साय धरली, वास सुटला, माह्या वेलीचे पानं सडाले लागले. मले तवा युरियाचं काही माहीत नव्हतं, मी घाटावरच्या कपडे धुणाऱ्या बायायले लई बोलली. बुवाही माह्यासंगं उभे राहून साबणाले नावं ठेवत होते. तेवढ्यात माही नजर लॉनवर गेली. वरतं गवत पिवळं, अन् पाण्याजवळ गुडघाभर, काळंभोर. मी फक्त बोट दाखवलं. बुवाचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी जेवलेही नाहीत. मले राग होता, अन् कीवही येत होती.

मंग मात्र माणूस सुधरला. वाहून येणारं खत गवतातच अडावं म्हणून काठची चार हात पट्टी तशीच वाढू दिली, तिथं ना खत ना कापणी. बाकी गवताले कुजलेलं शेणखत, जरासंच, तेही आभाळ मोकळं पाहून. फरशीवर सांडलं तर झाडून परत गवतात.

शेठले ती पट्टी म्हणजे जंगल वाटलं. फोटोत तलाव दिसला पाह्यजे, उद्याच काप, नाहीतर दुसरा माळी आणतो म्हणाले. मी तवा कमरभर पाण्यात सडकी वेल उपटून राह्यलती. बुवा शेठसमोर कधी मान वर करत नाहीत. मले वाटलं, गेली पट्टी.

"आणा दुसरा माळी," बुवा म्हणाले. "पण त्याले सांगजा, या पाण्यात माही बायको उतरते."

शेठनं माह्याकडं पाह्यलं, राहू दे पट्टी, फोटो मांडवासमोर काढू म्हणाले अन् निघून गेले. मले पाण्यातच रडू फुटलं. घरी आल्यावर मी बुवाशी कडाकडा भांडली, मले न पुसता नोकरी पणाले लावली म्हणून. भांडता भांडता त्यायच्या ताटात भात जरा जास्तच वाढला गेला.