डाव्या पंखातलं 'बघू'

गल्लीत त्याला सगळे पायलट म्हणायचे. माणूस खरा सुतार. तीस वर्षं खुर्च्या-कपाटं केलेली, आणि शिडीची तिसरी पायरी चढला की घेरी यायची. पण मोठा भाऊ छातीत कळ येऊन गेला, आणि मागे गॅरेजात घरी बांधायला घेतलेलं लाकडी विमान अर्धवट राहिलं. महिन्याभराने वहिनी म्हणाली, "भावोजी, तेवढं पुरं करा. एकदा उडालेलं पाहिलं की मी मोकळी." नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

भावाच्या वहीत प्रत्येक सांध्यापुढे शेरा होता. झाले, झाले, झाले. डाव्या पंखाच्या तिसऱ्या सांध्यापुढे मात्र 'बघू'. पण तो पंख भावानेच वरून पातळ फळी मारून बंद केला होता, तेव्हा बघून झालं असणार, असं हा धरून चालला. उजवा पंख त्याने स्वतः जोडला, दादाच्याच डब्यातल्या सरसाने. दादाची वस्तू टाकवेना, आणि दादाच्या डब्यावरची तारीख ती काय वाचायची? दोन वर्षं त्याला रविवार असा मिळालाच नाही.

मग उड्डाणाची परवानगी देणारा सरकारी तपासनीस आला. वही चाळताना त्याचं बोट थांबलं.

"हे 'बघू' कशाचं?"

"बघितलं असेल त्याने नंतर."

"असेल म्हणून सही होत नाही. पंख उघडा."

दाराशी उभी असलेली वहिनी म्हणाली, "त्यांच्या 'बघू'चा अर्थ तुम्ही मला विचारायचा होता, भावोजी. घराला रंग द्या, बघू. चार दिवस कुठे जाऊ या, बघू. छातीचं डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर तेही बघूच."

भावाच्या हातची ती गुळगुळीत फळी पायलटने कापली. आतला सांधा त्याने नखाने टोकरला, तर सरस पिठासारखा भुरभुरला. शेजारचे दोन्ही तसेच. मग तो उजव्या पंखाकडे गेला आणि स्वतःच्या कामात त्याने पटाशी घातली. तिथेही पीठ. डबा एकच होता. त्या सरसाशिवाय जोडलेला एकही सांधा अख्ख्या विमानात नव्हता. ज्या हातांवर तीस वर्षं पोट भरलं, त्यांचं आता काय करावं हेच त्याला सुचेना.

तपासनीस वही मिटून निघून गेला.

"भावोजी," वहिनीने विचारलं, "पण उडेल ना कधीतरी?"

तिच्या तोंडावर खरं सांगायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"बघू," तो म्हणाला.

वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग आतून जुनी चादर आणली आणि ती विमानावर घालायला लागली. दुसरं टोक त्याने धरलं.